बांधावरचा बंबाखू

निसर्गाने बंबाखू कोणत्या मनःस्थितीत घडवला असावा, याविषयी कोणा विद्वानाने लिहून ठेवलेले नाही. त्याला पान नाही, अंगात हिरवा रंग नाही. स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे त्याला कुळाला बट्टा लावणारे वाटते. जमिनीखाली तंबाखूच्या मुळाला तोंड लावायचे, पोट भरले की वर येऊन फिकट जांभळ्या फुलांचा तुरा मिरवायचा, आणि यजमान पिवळा पडून मान टाकेपर्यंत मुक्काम हलवायचा नाही, एवढेच त्याचे चरित्र. निपाणीभोवतीच्या काळ्या रानांत त्याला ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. निवडणुकीच्या आधी गावात उतरणाऱ्या जिपा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही जात परिचयाची असते.

एकोणऐंशी सालच्या मार्गशीर्षात हा तुरा भीमाप्पांच्या रानात जितका दाट होता, तितकाच त्यांच्या धाकट्या भावाच्या, आण्णाप्पाच्या रानात होता. वाटणीनंतर दोघांना समसमान मिळालेली ही पहिलीच गोष्ट.

ती वाटणी गावात अजून सांगितली जाई. दोन राज्यांची सीमा जिथे आयोगांच्या कपाटांत वाळवीशी वाटाघाटी करत पडली होती, तिथे या दोघांनी आपली सीमा एका दुपारात आखून घेतली आणि रानाच्या मधोमध बांध घातला. पितळेची भांडी तोलून वाटली. भीमाप्पांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईच्या लग्नात बेळगावच्या खडेबाजारातून आणलेला कपबश्यांचा संच वाटताना मात्र पंच न्यायबुद्धीच्या अतिरेकाने थकले असावेत: कप आण्णाप्पाकडे गेले आणि बश्या भीमाप्पांकडे. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला एकमेकांशी बोलावे लागले असते. तेव्हापासून भीमाप्पा पितळेच्या वाटीतला चहा बशीत ओतून पीत आणि आण्णाप्पा रोज कपाने तोंड भाजून घेई.

पुढच्याच हंगामात भीमाप्पांना एक युक्ती सुचली: उपटलेला बंबाखू पहाटे बांधापलीकडे, भावाच्या रानात फेकून द्यावा. त्याच आठवड्यात हीच युक्ती आण्णाप्पालाही सुचली. एका आईच्या दुधाचा याहून भक्कम पुरावा कोर्टातही मिळाला नसता. असले काम पुरुषाने करणे शोभत नसल्याने दोघांनी ते आपापल्या बायकोवर सोपवले.

आता लक्ष्मीबाई आणि आण्णाप्पाची बायको कोंडाबाई या सख्ख्या बहिणी. खानापूरकडच्या एकाच घरातून एकाच घरात दिलेल्या. नवऱ्यांनी अबोला धरला तेव्हा तो बायकांनाही लागू झाला. त्यांचे मत कोणी विचारले नाही. पहिल्याच पहाटे दोघी डोक्यावर पाट्या घेऊन बाभळीपाशी बांधाच्या दोन बाजूंनी वर चढल्या आणि समोरासमोर आल्या.

"आक्का, तुला पण?" कोंडाबाई म्हणाली.

लक्ष्मीबाईला हसू फुटले. हसता हसता तिची पाटी बांधावरच पालथी झाली, तिच्यावर कोंडाबाईची झाली, आणि त्या ढिगाशेजारी दोघी बसल्या. तेव्हापासून प्रत्येक हंगामात, बंबाखू उगवायला लागल्यापासून तंबाखू कापणीला येईपर्यंत, दोघी पहाटे त्याच बाभळीखाली बसत होत्या. टाकलेला बंबाखू तिथे पुढे काय करतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. बोलायलाच वेळ अपुरा पडे.

नवऱ्यांना सुगावा लागला तर हे संपणार, एवढे मात्र दोघींना पक्के ठाऊक होते.

*

इर्जिक घातली ती नागुबाईने. ही दोन्ही भावांची थोरली बहीण, सांबऱ्याला दिलेली. दिवाळीला आली, दोन्ही रानांतला जांभळा रंग पाहिला आणि परत जायचे तिने रहित केले. गावाला जेवण घालून एका दिवसाची मदत घेण्याची ही रीत गावात विझत चालली होती. नागुबाईने ती पेटवली, आणि पेटवताना दोन्ही भावांना एकाच सोप्यात उभे केले.

"नागाक्का, मी येतो," भीमाप्पा खांबाकडे पाहत म्हणाले, "पण त्या माणसाला सांग, माझ्या बाजूला पाय टाकायचा न्हाय."

"नागाक्का, त्या माणसाला म्हणावं, माझं पाय काय रस्त्यावर पडल्यालं न्हाईत."

"मी काय पोस्ट हाय व्हय रं?" नागुबाई म्हणाली. "ऐका. दोन्ही रानं एका दिवसात निघाली पायजेत. ह्यो तुरा बियाला आला तर पुढल्या साली तंबाखू लावायची गरजच न्हाय, नुसता बंबाखूच कापा आन त्याचीच बिडी वळा. आन ज्याला जमणार न्हाय त्यानं भाऊबिजेला माझ्या दारात येऊ नये."

दोघांनीही माना डोलावल्या. भाऊबिजेला नागुबाई करत असलेल्या करंज्यांविषयी दोघांचे एकमत होते.

ठरल्या दिवशी, दव वाळायच्या आत, अर्धा गाव रानात होता. बांधाच्या अलीकडे भीमाप्पांची माणसे, पलीकडे आण्णाप्पाची. आणि कोणी न सांगता त्याची शर्यत झाली. चुली पेटल्या. मटणाचा वास वाऱ्यावर येऊ लागला तसे हात भराभर चालू लागले. फक्त हलगी नव्हती, आणि हलगीशिवाय इर्जिक म्हणजे वरातीशिवाय लग्न, असे भीमाप्पांचे मत होते. तेवढ्यात त्यांना यल्लाप्पा दिसला.

यल्लाप्पा निपाणीच्या शाळेत मास्तर होता. भीमाप्पांचा मुलगा देवाप्पा आणि तो एका बाकावर शिकलेले. त्याच्या बापाने या रानातल्या प्रत्येक इर्जिकीत हलगी वाजवली होती. गावाने त्या वादनाचे मनापासून कौतुक केले होते आणि वाजवणाऱ्याला जेवायला दूर बसवले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करण्याची आपल्या समाजाची हातोटी असामान्य आहे.

"यल्लाप्पा! हलगी आणलीस न्हवं?"

"हलगी घरात हाय, भीमाण्णा. खुंटीला." यल्लाप्पाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "मी आज उपटायला आलोय. आन पंगतीला."

भीमाप्पांनी तोंड उघडले. पण चुलीपाशी उभी असलेली नागुबाई त्यांच्याकडेच बघत होती.

"मग वाजवायचं कुणी?"

"तुमी वाजवा की," यल्लाप्पा गोडपणे म्हणाला. "कार्य तुमचं हाय."

हे बोलणे चेष्टेचे होते की नाही, हे भीमाप्पांना ठरवता आले नाही, आणि सारे रान बघत असल्याने माघारही घेता आली नाही. त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि बडवायला सुरुवात केली. ते पाहून पलीकडे आण्णाप्पाने घमेले घेतले. एकाचा ताल दुसऱ्याला कळू नये अशी जणू शपथ घेतल्यासारखे दोघे वाजवू लागले. वाकलेली माणसे कोणाच्या तालावर उपटावे या संभ्रमात पडली; कोणी भीमाप्पांच्या ठेक्यावर वाके आणि आण्णाप्पाच्या ठेक्यावर उठे. कोणीतरी सरीत बसकण मारली आणि हसू लागला. मग ते हसू तंबाखूच्या चिकासारखे एकाकडून दुसऱ्याला चिकटत गेले. उपटलेल्या तुऱ्यांचे मुंडासे बांधून एक जण नवरदेव झाला. दुसऱ्याने पाटी डोक्यावर पालथी घालून करवलीचे काम घेतले. घमेल्याचा पत्रा फुटला तरी आण्णाप्पा थांबेना.

"मास्तर," नागुबाईने यल्लाप्पाला विचारले, "वाजवणारा कोण बरा?"

"आत्या, दोघांस्नीही पंगतीला बसवा," यल्लाप्पा म्हणाला. "दूर बसवण्याजोगं ह्यात काय न्हाय."

*

देवाप्पा बेळगावहून पहिल्या गाडीने आला होता. शेतीखात्यात तो सहायक होता. खात्याने बंबाखूवर एक पत्रक काढले होते, ते कन्नडमध्ये होते, आणि ज्यांच्यासाठी काढले त्यांच्यापैकी कोणाला वाचता येत नव्हते. अशा रीतीने खात्याने आपले कर्तव्य बजावले होते. देवाप्पा बैलगाडीवर चढला आणि पत्रक मराठीत सांगू लागला.

"नुसतं उपटून भागत न्हाय! एका तुऱ्यात लाखानं बी असतंय, धुळीगत बारीक, आन मातीत सालोसाल जित्तं राहतंय. फूल आलेलं उपटून टाकलं तरी बी पिकतंय. जनावराला घातलं तर शेणातनं परत रानात येतंय. एका जागी ढीग करून वाळवायचं आन जाळायचं!"

गाडीवरून त्याला दोन्ही रानांचा नकाशा एका नजरेत दिसत होता. रानांच्या टोकांना तुरे विरळ होते. बांधाकडे येता येता ते दाटत गेले होते, आणि बाभळीलगतच्या सऱ्यांत इतके दाट झाले होते की कोणी तिथे मुद्दाम वाफा केला असावा असे वाटावे. शाई सांडलेल्या कागदासारखे ते दिसत होते. कुठून पसरले याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

"आबा," त्याने विचारले, "आजवर उपटलेला बंबाखू तुम्ही कुठं टाकत आलाय?"

रॉकेलचा डबा थांबला. पलीकडचे घमेलेही थांबले. दोन्ही भाऊ एकाच वेळी आकाशाकडे पाहू लागले.

"कुठं म्हंजे?" भीमाप्पा म्हणाले. "टाकतोय की... लांब."

"काका, तुम्ही?"

"मी पण लांबच," आण्णाप्पा म्हणाला.

देवाप्पाने गाडीवरून उडी मारली. "सगळं बाभळीखालनं सुरू झालंय. कुदळ आणा. बांध हितं खणून माती भाजली पायजे."

चुलीपाशी लक्ष्मीबाईच्या हातातला पळा रश्श्यात पडला. बाभळीच्या बुंध्याशी चपट्या दगडाखाली काय आहे, हे तिला आणि कोंडाबाईलाच ठाऊक होते. तिने बांधापलीकडे पाहिले. कोंडाबाई पीठ भरल्या हातांनी तशीच उभी राहिली होती. विचार करायला वेळ नव्हता. दोघी एकदमच ओरडल्या.

"तिथं नाग हाय!"

"तिथं मुंजा हाय!"

वाकलेली माणसे ताठ झाली.

"नाग हाय का मुंजा?" कोणीतरी विचारले.

"मुंजाचा नाग हाय," लक्ष्मीबाई म्हणाली. ती चुलीपासून धावत येऊन बाभळीची वाट अडवून उभी होती, आणि आवाज खणखणीत होता.

"मुंजा पिंपळावर असतोय," आण्णाप्पा बायकोकडे संशयाने पाहत म्हणाला. "बाभळीवर कुटनं आला?"

"पिंपळ तोडला न्हवं तुमी वाटणीत?" कोंडाबाई उसळली. "मग बिचाऱ्यानं जायाचं कुठं?"

या युक्तिवादाने गाव विचारात पडला. निघालेली कुदळ वाटेतच थांबली. लक्ष्मीबाईला वाटले, निभावले. तेवढ्यात यल्लाप्पा पुढे आला आणि त्याने ती कुदळ स्वतःच्या हातात घेतली.

"माझा बा ह्याच बाभळीखाली बसून जेवायचा," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात गोडवा नव्हता. "पंगत तिकडं बसायची, आन पानावर वरनं वाढलं जायाचं त्ये हितं. मी पाणी पोचवायला येत होतो. नाग कधी दिसला न्हाय. आन मुंजा असता, तर त्यानं तरी माझ्या बाला सोबत केली असती. बाजूला व्हा, लक्ष्मीकाकू. मला खणू द्या."

लक्ष्मीबाई बाजूला झाली. त्याच्या वाटेत उभे राहण्याचा हक्क तिला स्वतःलाच सापडेना.

*

कुदळीच्या चौथ्या-पाचव्या घावाला चपटा दगड उलटला. खाली चुलीचे तीन दगड निघाले, पावसापाण्यापासून जपलेली राख, चहाचे जर्मनचे भगुणे, मिशरीची डबी. आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी. यल्लाप्पाने फडके सोडले. त्याने ते शाळेत मुलांना नकाशा दाखवावा तसे सगळ्यांना दिसेल असे धरले, आणि त्याचा स्वतःचाच चेहरा बदलला.

दोन कप होते. कपांखाली दोन बश्या होत्या. पांढऱ्यावर निळी वेल.

भीमाप्पांनी ती वेल ओळखली. त्या दोन बश्या हरवल्या तेव्हा त्यांनी शेजारच्या मांजराला दोष दिला होता आणि शेजाऱ्याशी भांडण काढले होते. पलीकडे आण्णाप्पाने त्या कपांवरून मोलकरीण काढून टाकली होती. वाटणीनंतर त्या संचातला कप आपल्या बशीवर बसलेला आज त्यांना प्रथमच दिसत होता, आणि जो बांध त्यांनी दुरावा राहावा म्हणून घातला, त्याच्याच पोटात.

गाव आधी पुटपुटला. मग हिशेब हळूहळू जुळत गेला: टाकायला सांगणारे कोण, टाकणाऱ्या कोण, आणि बंबाखू बाभळीखालीच का. नागुबाईला तो सगळ्यांत आधी जुळला. ती जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून हलू लागली.

"तू माझ्या रानात बंबाखू टाकायला सांगितलंस?" भीमाप्पा भावाकडे वळून गरजले.

"आन तू न्हाय सांगितलंस?"

"मी थोरला हाय!"

"म्हून थोरली पाटी टाकायची व्हय?"

पोस्टाशिवाय ते एकमेकांशी बोलत आहेत, हे दोघांच्या उशिरा ध्यानात आले. लक्षात येताच दोघे चपापले. अपराधी पुरुषांना अशा वेळी एकच निवारा उरतो, आणि दोघांनी तो एकाच पावलात गाठला: बांधावर शेजारी शेजारी उभे राहून दोघे बायकांकडे वळले.

"रान बुडवलंय ह्या दोघींनी!" भीमाप्पा म्हणाले.

"बरोबर बोलतोय दादा," आण्णाप्पा म्हणाला.

"उद्यापास्नं रानात यायचं न्हाय. घरात बसायचं. दोघींनीबी."

"आपापल्या घरात," आण्णाप्पाने पुरवणी जोडली.

ज्याची भीती होती ते झाले होते, आणि झाल्यावर लक्ष्मीबाईला भीती वाटेनाशी झाली. तिने हात पदराला पुसले, बांध चढून वर आली आणि सगळ्या गावासमोर, उजेडात, बहिणीच्या शेजारी उभी राहिली.

"टाका म्हून सांगितलं कुणी?" तिने विचारले. "पलीकडं टाकलं असतं तर त्याचं रान गेलं असतं. त्यानं टाकलं असतं तर तुमचं. मधी टाकलं म्हून दोघांची निम्मी-निम्मी तंबाखू तरी हाय. रान आमी वाचवलंय."

शास्त्राच्या दृष्टीने हे साफ चूक होते. देवाप्पाला ते कळत होते. आपल्या पत्रकातले कोणते वाक्य इथे वाचावे म्हणून त्याने आईकडे पाहिले, मग मावशीकडे. दोघींच्या चेहऱ्यांवर हट्ट एकाच ठिकाणी उमटला होता. बेळगावला शिकायला असताना, मार्गशीर्षात सुटीवर आले की आई पहाटे रानातून गुणगुणत का परते, हे त्याला आज समजले. आणि खात्यात लागल्यापासून पहिल्यांदाच त्याला अधिकाराचा काहीतरी उपयोग दिसला.

"थांबा," तो म्हणाला. "घरात बसवून चालणार न्हाय. सरकारी उपाय सांगतो."

सरकारी म्हटल्यावर दोघे भाऊ सरळ उभे राहिले.

"बांध काढायचा. माती भाजायची. ह्या पट्ट्यात तंबाखू लावायची न्हाय, तीळ लावायचा. तिळाच्या मुळापाशी बंबाखूचं बी फसून उगवतंय आन खायला न मिळून मरतंय. तरी तंबाखूत जो कोंब वर येईल त्याच्या शेंड्यावर गोड्या तेलाचा थेंब टाकायचा. कोंब सकाळी दिसला आन एक दिवस चुकला, की गेलं. म्हंजे रोज पहाटे कुणीतरी हितं बसून बघाय पायजे. एकानं तेल धरायचं, एकानं पानं बाजूला करायची."

"म्हंजे दोघं लागत्यात?" यल्लाप्पाने अतिशय गंभीरपणे विचारले.

"दोघी लागत्यात," देवाप्पा म्हणाला. "आन ज्यांस्नी जागा नेमकी माहीत हाय अशा."

नागुबाईला आता पदर पुरेना. तिचे हसू फुटले तसे रान फुटले. नवरदेवाचे मुंडासे उडाले, आणि भीमाप्पांनी रागाने डबा आपटला तो नेमका आण्णाप्पाच्या फुटक्या घमेल्यावर, अशा ठेक्यात की यल्लाप्पाने नकळत मान डोलावली.

"पर बांध काढल्यावर माझं रान कुठं संपतंय?" भीमाप्पांनी भावाला विचारले.

"बाभळीपाशी."

"बाभळ माझ्यात!"

"माझ्यात!"

दोघे हातवारे करत तिळाच्या पट्ट्याची हद्द पावलांनी मापू लागले. एकाचे पाऊल दुसऱ्याला मान्य होईना, तेव्हा दोघे परत सुरुवातीला जाऊन बरोबरीने पावले टाकू लागले. ते भांडण संध्याकाळपर्यंत सरले नाही, आणि वाटणीनंतर दोघांनी एकमेकांच्या सहवासात काढलेली ही पहिली संध्याकाळ होती.

बांध पडला त्या जागेवर पंगत बसली. यल्लाप्पाने आपले पान बाभळीपाशीच मांडले. नागुबाईने ते पाहिले, समोर आपले पान मांडले आणि दोन्ही भावांना हाक मारून त्याच्या उजव्या-डाव्या हाताला बसवले. तंबाखूच्या चिकाने सगळ्यांचे हात काळे आणि कडू झाले होते. चिंच लावून धुतले तरी भाकरी कडूच लागत होती, आणि कडू तोंडे करून माणसे हसत जेवत होती.

दोघी बहिणी त्याच तीन दगडांवर चहा ठेवून बसल्या होत्या. लक्ष्मीबाईने देवाप्पाला खुणेने बोलावले.

"देवा, ह्ये बी मातीत जित्तं राहतंय म्हणालास. किती साल?"

"दहा-बारा साल, आई. तितकी वर्षं रोज लक्ष ठेवाय लागणार."

"बाराच व्हय?" लक्ष्मीबाईचा चेहरा उतरला.

कोंडाबाईने कप बशीवर ठेवला, बहिणीच्या हातात दिला आणि आवाज खाली आणला.

"आक्का, येडी हायस काय? अकराव्या साली एखादा तुरा फुलू देऊ की."